गेम पण अडकतो, यूट्यूब पण अडकतं: विंडोज उडवायच्या आधी हे बघा

"लॅपटॉप स्लो झालाय" आणि "लॅपटॉप अडकतोय" ह्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि निम्मा गोंधळ इथंच होतो. स्लो म्हणजे सगळंच रडत रडत चालतं. अडकणं म्हणजे गेम झकास ६० एफपीएसला (म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, फ्रेम) चाललाय, मध्येच चित्र अर्धा सेकंद थिजतं, आवाज खर्रर्र करतो, परत सुरळीत, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. वैतागून गेम बंद करून यूट्यूब लावलं तर तिथंही तीच तऱ्हा. आता जो लॅपटॉप एवढा मोठा गेम ओढतो त्याला एक साधा व्हिडिओ झेपू नये? म्हणून माझं म्हणणं असं की दोन्हीकडे अडकत असेल तर गेमची सेटिंग लो करत बसू नका आणि ग्राफिक्स कार्डाच्या नावानं खडे फोडू नका, दोघांना लागणारी कॉमन गोष्ट कुठली ते शोधा. आणि त्या कॉमन गोष्टी फार नाहीत. प्रोसेसरचा स्पीड कोणीतरी दाबून धरतंय, किंवा एखादा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) मध्येच सगळ्यांना अडवून बसतोय, किंवा इनबिल्ट ग्राफिक्सचा ड्रायव्हर कुजलाय. बाकीची कारणं नंतर.

आधी काहीही न बदलता जरा वेळ नुसतं बघा की अडकतंय कधी. चालू केल्यापासून सतत, की पाच-दहा मिनिटं खेळल्यावर सुरू होतं, की ठरावीक अंतरानं एकेक झटका येतो? सतत असेल तर बहुतेक चार्जर नाहीतर ड्रायव्हर, खेळून तापल्यावर होत असेल तर उष्णता, आणि ठरावीक अंतरानं असेल तर बॅकग्राउंडला काहीतरी बसलंय जे दर थोड्या वेळानं हार्डवेअरला हटकतंय. आणखी एक, आवाज तुटतोय का ते नीट ऐका. नुसतं चित्र अडकलं आणि गाणं व्यवस्थित वाजत राहिलं तर मामला ग्राफिक्स किंवा व्हिडिओ डिकोडिंगचा (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याचा) असतो, पण आवाजही फाटत असेल तर अख्खी सिस्टिमच क्षणभर थांबतेय, मग ग्राफिक्सची सेटिंग कितीही चाळा, उपयोग शून्य.

मग नेट बाजूला काढा. एखादा साधा १०८० पी एमपी४ व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा, एअरप्लेन मोड लावा आणि व्हीएलसीमध्ये तो चालवा. नीट चालला तर संशय वायफाय, त्याचा ड्रायव्हर किंवा ब्राउझरवर जातो, अडकला तर लॅपटॉपच्या आतच काहीतरी आहे. हे करायला पाच मिनिटं लागतात आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, थेट विंडोज नवीन टाकतात आणि मग दोन दिवस ॲप इन्स्टॉल करत बसतात.

व्हिडिओ फक्त यूट्यूबवरच अडकत असेल तर व्हिडिओवर राइट क्लिक करून स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडा. त्यात फ्रेम्सच्या ओळीत ड्रॉप्ड किती ते दिसतं आणि कोडेक्सच्या ओळीत व्हिडिओ कुठल्या प्रकारात येतोय ते. तिथं सुरुवातीला एव्ही०१ लिहिलेलं असेल तर तो एव्ही१, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९ आणि एव्हीसी१ असेल तर आपला जुना एच २६४. एव्ही१ ला हार्डवेअर डिकोडिंग इंटेलमध्ये ११व्या जनरेशनपासून आलं आणि एनव्हिडियात आरटीएक्स ३० सिरीजपासून, त्यामुळे १०व्या जनरेशनचा आय५ आणि जीटीएक्स १६५० असलेला लॅपटॉप, जे कॉम्बिनेशन आपल्याकडे कॉलेजच्या पोरांकडे ढिगानं आहे, त्यात एव्ही१ व्हिडिओ सगळा प्रोसेसरच्या बोडक्यावर पडतो. प्रोसेसर पूर्ण जोरात असेल तर त्याला १०८० पी सहज झेपतो, पण तोच जर दबलेला असेल तर फ्रेम गळायला लागतात. यूट्यूबच्या अकाउंट सेटिंगमध्ये प्लेबॅक अँड परफॉर्मन्स म्हणून आहे, तिथं एव्ही१ फक्त एसडीला वापर असं निवडलं की एचडी व्हिडिओ दुसऱ्या कोडेकमध्ये यायला लागतात. ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे का तेही बघून घ्या, आणि टास्क मॅनेजरच्या जीपीयू टॅबमध्ये व्हिडिओ डिकोडचा ग्राफ हलतोय का ते. व्हिडिओ चालू असताना तो ग्राफ झिरोवर झोपलेला असेल तर ओझं प्रोसेसर वाहतोय.

आता मुख्य मुद्द्यावर येतो, प्रोसेसर दबणं. हे बघायला एचडब्ल्यूइन्फो घ्या, फुकट आहे, सेन्सर्स ओन्ली मोडमध्ये उघडा आणि गेम लावून अडकल्या अडकल्या बाहेर येऊन कोअर क्लॉक (प्रोसेसरचा चालू स्पीड), तापमान आणि थर्मल थ्रॉटलिंगच्या (तापल्यामुळे स्पीड दाबला जाण्याच्या) ओळी वाचा. इंटेलसाठी थ्रॉटलस्टॉप अजून चांगलं, त्यात लिमिट्स नावाचं बटण आहे, ते दाबलं की स्पीड कोणी दाबला त्याची छोटी खिडकी उघडते, लाल म्हणजे आत्ता दाबतोय, पिवळं म्हणजे मघाशी दाबून गेला. असा सरळ जबाब देणारं दुसरं टूल मला तरी माहीत नाही.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देतो, लातूरला असतो, वर सांगितलं तेच कॉम्बिनेशन, आय५ १०३००एच आणि जीटीएक्स १६५०. त्याचं म्हणणं, "दादा, सर्व्हिस सेंटरवाला म्हणतोय मदरबोर्ड गेलाय, बारा-चौदा हजार सांगतोय, करू का?" मी म्हटलं थांब, आधी थ्रॉटलस्टॉपचा स्क्रीनशॉट पाठव. स्क्रीनशॉटमध्ये तापमान ५८ अंश, म्हणजे अगदी गारेगार, आणि क्लॉक ०.७९ गिगाहर्ट्झ. ह्या प्रोसेसरचा बेस क्लॉक (नेहमीचा स्पीड) २.५ आहे आणि टर्बो (जोर लावल्यावरचा स्पीड) ४.५ पर्यंत जातो, आणि हा बसलाय ८०० मेगाहर्ट्झला. लिमिट्समध्ये बीडी प्रोचॉट लाल. त्याला विचारलं चार्जर ओरिजिनल आहे का, तर जरा वेळ फोनवर शांतता आणि मग, "ओरिजिनलची वायर उंदरानं कुरतडली ना दादा, मग गावातून घेतला, वॅट तेवढेच आहेत त्यावर." वॅट तेवढेच छापलेले होते हे खरं. पण काही कंपन्यांच्या गोल पिनच्या चार्जरमध्ये मधोमध एक बारीक सुईसारखी पिन असते, ती करंट देत नाही, ती लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते, मी अमुक वॅटचा आहे म्हणून. लोकल चार्जरमध्ये ती ओळख एकतर नसते किंवा थातूरमातूर असते, किंवा ओरिजिनलमध्येही ती पिन वाकते, आतली तार तुटते. मग लॅपटॉपला कळत नाही की हा किती पॉवर देऊ शकतो, आणि सेफ खेळायचं म्हणून तो प्रोसेसरला तळाला नेऊन बसवतो. हेच ते बीडी प्रोचॉट, बाहेरचा कुणीही घटक प्रोसेसरला "थांब" म्हणून सांगू शकतो अशी सोय. अशा वेळी चालू करताना काळ्या स्क्रीनवर ॲडॉप्टरचा प्रकार ओळखता आला नाही असा मेसेज बऱ्याचदा येतो, तो आपण एंटर मारून पुढं जातो. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघितलं तर क्लॉक वर चढला, विषय संपला. ओरिजिनल चार्जर मागवला, मदरबोर्ड अजून तोच आहे.

यूट्यूबवर ह्यावर उपाय म्हणून थ्रॉटलस्टॉपमध्ये बीडी प्रोचॉटची टिक काढून टाका असं बिनधास्त सांगतात. टेस्ट म्हणून काढा, हरकत नाही, पण कायम काढून ठेवू नका. प्रोसेसर स्वतः तापला तर तो स्वतःला तरीही वाचवतो, पण पॉवर सर्किट किंवा ग्राफिक्स चिप तापून ओरडली तर ती ओरड प्रोसेसरपर्यंत पोचायची वाट तुम्ही बंद केलेली असते. आणि चार्जर खरंच कमी ताकदीचा असेल तर तो शेगडीसारखा तापणार ते वेगळंच. यूएसबी सी वर चार्ज होणाऱ्या लॅपटॉपलाही हेच लागू आहे, ६५ वॅटचा लॅपटॉप मोबाइलच्या ३० वॅटच्या चार्जरवर चालू राहतो पण गेम सुरू केला की त्याची फे फे उडते.

चार्जरवरूनच आठवलं, गावाकडं आणि जुन्या वाड्यांत बोर्डाचा सॉकेट सैल असतो किंवा संध्याकाळी व्होल्टेज पडतं, आणि लॅपटॉप सारखा चार्जिंगवरून बॅटरीवर आणि बॅटरीवरून चार्जिंगवर उड्या मारतो. प्रत्येक उडीला पॉवर प्लॅन बदलतो, ब्राइटनेस बदलतो, काही लॅपटॉपमध्ये स्क्रीनचा रिफ्रेश रेट १४४ वरून ६० वर येतो, ग्राफिक्स चिप पॉवर कमी करते. तुम्हाला दिसतं काय, तर गेम अडकला. टास्कबारवरचं बॅटरीचं चिन्ह गेम चालू असताना डोळ्यात तेल घालून बघा, प्लग गायब होतोय का. आणि एनव्हिडियाचं बॅटरी बूस्ट चालू असेल तर बॅटरीवर गेम बऱ्याचदा ३० एफपीएसला बांधला जातो, ते बिघाड नाही.

उष्णतेचं सगळ्यांनाच माहीत असतं म्हणून थोडक्यात. क्लॉक धडाधड वरखाली होतोय, तापमान ९५ च्या वर आणि थर्मल थ्रॉटलिंगसमोर येस, म्हणजे उष्णताच. बऱ्याच लॅपटॉपच्या मॅन्युअलमध्ये वापरायचं वातावरण ३५ अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं आणि चंद्रपूर-अकोल्याकडं मे महिन्यात दुपारी खोलीतच त्याच्या वर पारा असतो, तेव्हा गादीवर ठेवून खेळत असाल तर लॅपटॉपला दोष देऊ नका. मागून उचलून ठेवा, खालची जाळी मोकळी ठेवा. धूळ काढताना पंख्याचं पातं काडीनं अडवून धरा आणि मगच ब्लोअर मारा, नाहीतर पंखा भलत्या स्पीडनं फिरून त्याचं बेअरिंग जातं. दोन-तीन वर्षं झाली असतील तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलून घ्या, पेस्टऐवजी लिक्विड मेटल टाकायच्या नादाला घरी लागू नका. आणि एक स्वस्तातला उपाय जो उन्हाळ्यात खरंच चालतो: कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ॲडव्हान्स्डला जाऊन मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ टक्के करा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ह्यानं टर्बो बंद होतो. कागदावर स्पीड कमी होतो पण ४.२ वरून १.२ वर आपटून परत वर जाण्यापेक्षा एकसारखा २.५ हजारपट बरा, गेम गुळगुळीत वाटतो. सोबत एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधून मॅक्स फ्रेम रेट ६० ला बांधा. अंडरव्होल्टिंग (प्रोसेसरला कमी व्होल्टेज देऊन गार ठेवणं) सुचवणारे बरेच भेटतील, पण डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची सुरक्षेची भानगड बाहेर आली त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटमधून ते कुलूपबंद करून टाकलंय.

समजा क्लॉक स्थिर आहे, तापमान ठीक आहे, तरी झटके येतातच आणि आवाज पण फाटतोय. मग ड्रायव्हर. विंडोजमध्ये हार्डवेअरकडून काम आलं की ड्रायव्हरनं ते पटकन उरकून बाजूला व्हायचं असतं, आणि ते चालू असताना त्या कोअरवरची साधी प्रोग्राम मंडळी थांबून असतात. बँकेत काउंटरवर एकजण पासबुकावरून वाद घालत बसला की मागची अख्खी लाइन खोळंबते, तसलाच प्रकार. ६० एफपीएसला एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि १४४ ला जेमतेम ७, आता एखाद्या ड्रायव्हरनं मध्येच २० मिलिसेकंद खाल्ले तर फ्रेम गेलीच की. हे पकडायला लेटन्सीमॉन नावाचं टूल घ्या. बाकी सगळं बंद करून दहा मिनिटं चालू ठेवा, मग व्हिडिओ लावून परत दहा मिनिटं. मग ड्रायव्हर्स टॅबमध्ये हायेस्ट एक्झिक्युशनवर क्लिक करून मोठे आकडे वर आणा. आकडे मिलिसेकंदातच असतात, एखाद्याच्या समोर ५, १०, २० असं काही दिसलं की तो आपला माणूस.

नावं बघून घाबरू नका. एनडीआयएस आणि टीसीपीआयपी म्हणजे नेटवर्क, बहुतेक वायफाय ड्रायव्हर. एअरप्लेन मोडमध्ये झटके गेले होते ना, मग खात्री झाली, लॅपटॉप कंपनीच्या साइटवरचा किंवा वायफाय चिप बनवणाऱ्याचा ताजा ड्रायव्हर टाका, त्यानंही नाही गेलं तर एक व्हर्जन मागं जा. एनव्हीएलडीडीएमकेएम म्हणजे एनव्हिडिया. स्टोरपोर्ट म्हणजे डिस्क, तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत बघा आणि ती गळ्यापर्यंत भरलेली असेल तर जागा करा. डीएक्सजीकेआरएनएल आणि डब्ल्यूडीएफ०१००० ही विंडोजची स्वतःची माणसं, ती बहुतेकदा दुसऱ्याच्या पापाचे धनी असतात, खरा गुन्हेगार त्यांच्या आडून काम करणारा ड्रायव्हर असतो.

आणि यादीत एसीपीआय (पॉवर आणि बॅटरीचं बघणारा विंडोजचा ड्रायव्हर) सगळ्यात वर असेल तर थोडं थांबून वाचा, कारण ठरावीक अंतरानं येणाऱ्या झटक्यांचं हे माझं सगळ्यात आवडतं कारण आहे आणि फार कमी जण तिथं बघतात. विंडोज दर थोड्या वेळानं बॅटरीला विचारतं की किती टक्के उरली. हा प्रश्न बायोसमार्फत लॅपटॉपच्या आतल्या छोट्या कंट्रोलरकडं जातो. बॅटरी म्हातारी झाली असेल किंवा बायोस गचाळ लिहिलेला असेल तर उत्तर यायला उशीर होतो आणि तेवढा वेळ सगळं थिजतं. टेस्ट सोपी आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये बॅटरीज उघडा, मायक्रोसॉफ्ट एसीपीआय कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी ह्यावर राइट क्लिक करून डिसेबल करा, एसी ॲडॉप्टरला हात लावू नका, आणि चार्जर लावूनच खेळून बघा. झटके गायब झाले तर चोर सापडला. पण परत एनेबल करून ठेवा, नाहीतर बॅटरीचे टक्के दिसणार नाहीत आणि बॅटरी संपत आल्याची सूचनाही न देता लॅपटॉप एक दिवस धपकन बंद पडेल. इलाज म्हणजे बायोस अपडेट, नाहीतर नवीन बॅटरी. कंपनीनं फुकटात दिलेलं ते कंट्रोल सेंटर, आरजीबी सॉफ्टवेअर, तापमान दाखवणारी विजेट, ही मंडळीपण त्याच कंट्रोलरला सारखं विचारत बसतात, त्यामुळे टेस्ट करताना ती सगळी बंद, एचडब्ल्यूइन्फोसुद्धा.

रायझनवाल्यांसाठी वेगळं. मार्च २०२२ मध्ये एएमडीनं स्वतःच मान्य केलं होतं की काही रायझन सिस्टिममध्ये एफटीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी प्रोसेसरमधली सोय, टीपीएमचाच प्रकार) मदरबोर्डवरच्या फ्लॅश मेमरीशी बोलताना अधूनमधून जास्त वेळ घेतं आणि तेवढा वेळ सिस्टिम थांबते. दुरुस्ती त्या वर्षी बायोस अपडेटमधून आली. तेव्हापासून बायोस अपडेट केलेलाच नसेल तर आधी तो करा, चार्जर लावून, बॅटरी भरलेली ठेवून. टीपीएम बंद करायचा सल्ला कोणी देत असेल तर आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी निळ्या स्क्रीनसमोर बसून ४८ आकडे शोधत बसाल.

इनबिल्ट ग्राफिक्सचा ड्रायव्हर सगळे विसरतात. ज्यात दोन ग्राफिक्स असतात अशा बहुतेक लॅपटॉपमध्ये स्क्रीन जोडलेली असते इंटेलच्या किंवा एएमडीच्या इनबिल्ट चिपला, गेम एनव्हिडियावर चालला तरी तयार झालेली फ्रेम इनबिल्टमधून फिरून स्क्रीनवर येते, आणि ब्राउझरमधला व्हिडिओ तर बहुतेक तिथंच डिकोड होतो. मग एनव्हिडियाचा ड्रायव्हर दर महिन्याला ताजा आणि इंटेलचा लॅपटॉप घेतला तेव्हाचा, असं असेल तर दोन्हीकडं अडकणारच. सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळापासून काढणारं टूल) चालवून दोन्ही ग्राफिक्सचे ड्रायव्हर साफ करा, त्या वेळी नेट बंद ठेवा नाहीतर विंडोज अपडेट मध्येच आपला जुना ड्रायव्हर घुसवतं, मग आधी इनबिल्टचा आणि नंतर एनव्हिडियाचा टाका. मक्स स्विच (स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडायची सोय) असेल तर थेट एनव्हिडियावर टाकून बघा, फरक पडला तर दुखणं इनबिल्टच्या वाटेवर आहे हे नक्की.

रॅम. टास्क मॅनेजरच्या मेमरीमध्ये स्लॉट्स युज्ड १ ऑफ २ आणि एकूण ८ जीबी असेल, मागं क्रोमच्या वीस टॅब उघड्या असतील, तर रॅम भरून सामान डिस्कवर जातं आणि तिथून परत आणताना अडकतं. रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट्स सतत उंच दिसले तर हेच. दुसरी तेवढीच कांडी टाकली की ड्युअल चॅनेल होतं (दोन्ही कांड्या एकदम वापरात येतात), आणि ज्यांच्याकडं वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही त्यांना तर ह्याचा फरक सगळ्यात जास्त जाणवतो, कारण इनबिल्ट ग्राफिक्स रॅमच उसनी घेतं.

बीसीडीएडिटच्या (विंडोजच्या बूट सेटिंग बदलणाऱ्या) ज्या कमांडी नेटवर फिरतात, एचपीईटी नावाचा टायमर चालू करा, टायमर बदला वगैरे, त्या आंधळेपणानं मारू नका. युजप्लॅटफॉर्मक्लॉक चालू करून उलट अडकायला लागलेले लॅपटॉप बघितलेत. कोणी आधीच मारून ठेवली असेल तर ती व्हॅल्यू डिलीट करून रीस्टार्ट करा. रजिस्ट्री क्लीनर आणि रॅम बूस्टर तर बोलूच नका.

आणि फक्त गेमच अडकतोय, तोही नवीन एरियात गेल्यावर पहिल्यांदाच आणि परत त्याच जागी गेलं की नाही, तर तो शेडर कंपायलेशनचा (ग्राफिक्सचे छोटे प्रोग्राम खेळता खेळताच तयार होण्याचा) प्रकार आहे, डीएक्स १२ च्या बऱ्याच गेमांत होतो, चांगल्या लॅपटॉपवरही होतो. त्यासाठी शेडर कॅश सारखी सारखी साफ करणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा, सगळं परत पहिल्यापासून बनवायला लागतं.

एवढं करूनही सुटलं नाही आणि दुकानात न्यायची वेळ आली तर "अडकतोय" एवढंच सांगू नका, तो आधी विंडोजच टाकणार. लिमिट्सच्या खिडकीचा, एचडब्ल्यूइन्फोचा आणि लेटन्सीमॉनच्या ड्रायव्हर्स टॅबचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि चार्जर सोबत न्या. मदरबोर्ड म्हणाला तर त्याच्याकडच्या त्याच मॉडेलच्या चार्जरवर आधी तुमच्यासमोर चालवून दाखवायला सांगा, आणि पैशाचं बोलणं त्याच्यानंतर.